सुतकातले दहा दिवस

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी यूटा येथे पार्क सिटी नावाचे एक डोंगराळ गाव आहे. चांदीच्या खाणींवर ते वसले आणि खाणी सरल्यावर बर्फावरील खेळांनी तगले. ऐन जानेवारीच्या थंडीत या गावी चित्रपटांचा महोत्सव भरू लागला तो १९८१ पासून. चार वर्षांनी विख्यात नट रॉबर्ट रेडफर्ड यांच्या सनडान्स संस्थेने त्याची सूत्रे हाती घेतली आणि पुढे संस्थेचेच नाव महोत्सवास मिळाले. बड्या कंपन्यांच्या भांडवलावाचून, स्वतःस काही सांगावयाचे आहे म्हणून जे चित्रपट काढतात, त्यांचे हे माहेरघरच म्हणावयाचे.

२०२५ च्या महोत्सवात परीक्षकांनी ज्यांस सर्वोच्च पारितोषिके दिली, त्यांत इराणातील एका खेड्याचा माहितीपट होता. त्यातील सारा शाहवर्दी ही बाई पूर्वीची सुईण. गावच्या कौन्सिलवर निवडून आलेली पहिली स्त्री. ती मुलींस मोटारसायकल चालविण्यास शिकविते आणि बालविवाहांस आडवी येते. अमेरिकेच्या दक्षिण भागातील कृष्णवर्णीय शेतकऱ्यांवरील 'सीड्स' हाही विजयी ठरला. परंतु परदेशी कथापटांचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले ते आपल्या मराठीतील 'साबर बोंडं' या चित्रपटास. १९३७ साली प्रभातच्या 'संत तुकाराम'ची व्हेनिसला वाखाणणी झाली होती. सनडान्सला मात्र मराठी चित्रपट जाण्याची ही पहिलीच वेळ, आणि पहिल्याच खेपेस हा मान!

दिग्दर्शक रोहन परशुराम कानवडे यांचा हा पहिलाच पूर्ण लांबीचा चित्रपट. त्यांचे शिक्षण घरांच्या अंतर्गत सजावटीचे. वडील वारल्यावर ते गावी गेले असता नातलगांनी लग्नाचा जो तगादा लावला, त्यातून ही कथा सुचली असे त्यांनी सांगितले आहे. कथानक दोन ओळींत सांगता येईल. मुंबईत कॉल सेंटरमध्ये नोकरी करणारा तिशीतला आनंद वडिलांच्या सुतकासाठी दहा दिवस मूळ गावी येतो. येईल तो पाहुणा त्यास लग्नाचे विचारतो. तेथेच बालपणीचा मित्र बाळ्या त्यास पुन्हा भेटतो. बाळ्या शेती करतो, आणि त्याच्याही मागे हाच लकडा आहे. या दोघांचे मन एकमेकांवर जडते.

येथे काही वाचक पान उलटतील. त्यांस आमची विनंती इतकीच, की क्षणभर थांबावे. पुरुषाचे मन पुरुषावर जडणे ही गोष्ट आपल्या एकत्र कुटुंबांत कोणी बोलत नाही. पण म्हणून ती आपल्या घरांत कधी नव्हतीच, असे छातीवर हात ठेवून कोण सांगेल? न्यायालयाचे म्हणाल तर ६ सप्टेंबर २०१८ रोजीच सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील अशा खाजगी संबंधांस अपराधांच्या यादीतून वगळले. घराच्या ओसरीवरील न्यायालय मात्र अजून बसलेलेच आहे.

आणि ते बसते तरी केव्हा? सुतकात! समाचारास येणारी मंडळी पहिले चार शब्द गेलेल्या माणसाविषयी बोलतात. पाचवा शब्द घरातील अविवाहित मुलाविषयी निघतो. "तुझे दोन हाताचे चार झालेले पाहिले असते तर ते सुखाने गेले असते." हे वाक्य कोणाच्या घरी उच्चारले गेले नाही? आम्हीही ते उच्चारलेले आहे. समोरचा तरुण खाली मान घालून बसला होता. तो लाजला, अशी आम्ही स्वतःची समजूत करून घेतली. चित्रपट पाहताना त्या खाली घातलेल्या मानेची आठवण झाली आणि आम्हांस बसल्या जागी अवघडल्यासारखे झाले.

आनंदच्या आईची भूमिका जयश्री जगताप यांनी केली आहे. आमच्या मते चित्रपटाचा सारा जीव या आईत आहे. तिला मुलाचे मन ठाऊक आहे. ती बंड पुकारीत नाही, व्याख्यान देत नाही. वैधव्याचे दुःख सावरीत भाऊबंदांच्या मेळ्यात मुलाची पाठराखण करते. बोलपटांतील माता आम्ही पुष्कळ पाहिल्या. इतकी खरी क्वचितच पाहिली. भूषण मनोज व सूरज सुमन यांचीही कामे संयत आहेत.

पार्श्वसंगीत मुळीच नाही. कॅमेरा बहुधा एका जागी स्थिर राहतो. घाईच्या प्रेक्षकास हे संथ वाटेल, आणि प्रथम थोडा वेळ आम्हांसही वाटले. परंतु सुतकाच्या घरातील वेळ असाच जातो.

नावाविषयीही थोडे सांगावेसे वाटते. साबर बोंडे म्हणजे फड्या निवडुंगाची फळे: वरून बारीक काटे, आत लालभडक गोड गर. हा निवडुंग मूळचा अमेरिकेचा. तो समुद्र ओलांडून इकडे आला आणि आपल्या माळरानांवर असा रुजला की परका वाटेनासा झाला. त्याचेच नाव घेऊन एक मराठी चित्रपट अमेरिकेस जाऊन पारितोषिक घेऊन आला, हा योग मौजेचा खरा.

१९ सप्टेंबर २०२५ रोजी तो आपल्याकडील चित्रगृहांत प्रदर्शित झाला. सहकुटुंब पाहण्याजोगा आहे काय, असे आम्हांस विचारले जाते. दोघां पुरुषांच्या जवळिकीचे काही प्रसंग त्यात आहेत. लहान मुलांस दाखवू नये. घरातील आत्याबाई, मामंजी, आणि समाचारास जाण्याची ज्यांस हौस आहे अशी मंडळी यांस मात्र आवर्जून सोबत घ्यावे.