सावनेरकरानें समुद्र कसा पाहावा

नागपूरहून छिंदवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, कोलार नदीच्या कांठीं वसलेलें सावनेर हें गांव मराठी वाचकांस एका दुःखद कारणानें परिचित आहे. नाटककार व कवि राम गणेश गडकरी यांचें देहावसान २३ जानेवारी १९१९ रोजीं येथेंच झालें. संत्र्यांच्या बागा, कापसाचीं शेतें आणि कोळशाच्या खाणी यांमध्यें नांदणाऱ्या या गांवास समुद्राचा शेजार नाहीं. परंतु समुद्राशीं त्याचा कांहींच संबंध नाहीं असें मात्र म्हणतां येणार नाहीं. कोलारचें पाणी कन्हानला मिळतें, कन्हान वैनगंगेला मिळते, वैनगंगा व वर्धा यांच्या संगमानंतर त्या प्रवाहास प्राणहिता हें नांव पडतें, आणि प्राणहिता गोदावरींत शिरून बंगालच्या उपसागराची वाट धरते. सावनेरचें पाणी असें पूर्वसमुद्रास जातें. सावनेरचा माणूस मात्र सुटी मिळतांच पश्चिमसमुद्राकडे निघतो. आठशे किलोमीटरांहून अधिक प्रवास करून तो अलिबाग, मुरुड, गणपतीपुळे किंवा मालवण गांठतो, आणि गाडींतून उतरतांच मुलांबाळांसह पाण्याकडे धांवतो.

येथेंच पहिली चूक होते. ज्याचें बाळपण नदीकांठीं गेलें, ज्यानें विहिरींत उड्या मारून पोहण्याचे धडे घेतले, त्यास पाण्याची भीति नसते, ही गोष्ट भूषणावह खरी. परंतु विहिरीचें पाणी स्थिर असतें, आणि नदीचें पाणी एकाच दिशेनें वाहतें. समुद्राचें पाणी दिवसांतून दोनदां पुढें येतें व दोनदां मागें जातें. सकाळीं जेथें मुलें चेंडू खेळत होतीं तेथें दुपारीं पुरुषभर पाणी असूं शकतें. म्हणून समुद्रावर जाणारानें सामानाची यादी करण्यापूर्वीं समुद्राचें वेळापत्रक पाहावें. आणि नवलाची गोष्ट अशी कीं, हें वेळापत्रक सावनेरच्या घरोघरीं भिंतीवर टांगलेलेंच असतें. तें म्हणजे तिथींचें पंचांग होय.

भरती-ओहोटीचें मुख्य कारण चंद्राचें आकर्षण. पृथ्वीची जी बाजू चंद्राकडे असते तेथील पाण्यावर हें आकर्षण अधिक, व उलट बाजूच्या पाण्यावर कमी असतें. या फरकामुळें दोन्ही बाजूंस पाण्याचा फुगवटा येतो, आणि पृथ्वी स्वतःभोंवतीं फिरत असल्यामुळें आपल्या किनाऱ्यावर दिवसांतून दोन भरत्या व दोन ओहोट्या येतात. एका भरतीपासून ओहोटीपर्यंत सुमारें सवा सहा तास जातात. चंद्रही दररोज थोडा पुढें सरकत असल्यानें भरतीची वेळ रोज सुमारें पन्नास मिनिटें पुढें जाते. अमावास्येस व पौर्णिमेस सूर्य आणि चंद्र यांचें आकर्षण एका रेषेंत येतें. त्या सुमारास पाणी फार चढतें आणि फार उतरतें, यास उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास दोघांची ओढ परस्परांशीं काटकोनांत असते, म्हणून चढउतार थोडा होतो; कोंकणांतील लोक त्यास भांगाची भरती म्हणतात. उधाणाच्या दिवशीं मुंबईस हा चढउतार चार ते पांच मीटरांपर्यंत जातो. दक्षिणेस गोव्याकडे तो दोन मीटरांच्या आसपास राहतो.

मुंबई-अलिबागच्या किनाऱ्यास लागू पडणारा एक सोपा हिशेब परंपरेनें चालत आला आहे. तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची स्थूल वेळ निघते. चतुर्थीस भरती तीन वाजतां, अष्टमीस सहा वाजतां, आणि पौर्णिमा-अमावास्येस बाराच्या सुमारास. त्यांत सवा सहा तास मिळवले कीं ओहोटीची वेळ मिळते. दक्षिणेकडे या वेळांत कांहीं फरक पडतो, आणि हा हिशेब अदमासाचा आहे. नेमकी वेळ छापील कोष्टकांत पाहावी किंवा किनाऱ्यावरील कोळ्यास विचारावी. परंतु सुटीचे दिवस ठरवितांना हा अदमासही मोठा उपयोगी पडतो. पौर्णिमेच्या सुमारास पूर्ण ओहोटी सकाळीं सहाच्या व सायंकाळीं सहाच्या आसपास येते, म्हणजे ऊन कोवळें असतांना किनारा सर्वांत रुंद सांपडतो. अष्टमीस गेलेल्या माणसास ओहोटी भर दुपारच्या उन्हांत मिळते.

ओहोटी हीच खरी पाहण्याची वेळ. पाणी मागें सरलें कीं समुद्र आपलें दप्तर उघडून ठेवतो. ओल्या वाळूंत वाटाण्याहूनही लहान अशा असंख्य गोळ्या नक्षीसारख्या पसरलेल्या दिसतात. त्या वाळूंतील खाद्यकण वेंचून उरलेली वाळू टाकणाऱ्या चिमुकल्या खेकड्यांनीं केलेल्या असतात. मुलानें उचललेला शंख एकाएकीं चालूं लागला, तर त्यांत परक्या घरांत बिऱ्हाड केलेला शंखवासी खेकडा आहे असें समजावें व तो जेथल्या तेथें ठेवावा. रिकामे शंख पुष्कळ मिळतात. खडकाळ भागांतील डबक्यांत लहान मासे व समुद्रफुलें दिसतात. गांवच्या स्त्रिया याच वेळीं खडकांवरचीं कालवें फोडतांना व वाळूंतल्या तिसऱ्या वेंचतांना दिसतील. त्यांच्याजवळ पांच मिनिटें उभें राहिल्यास जें ज्ञान मिळतें तें पुस्तकांत सांपडणें कठीण. हिंवाळ्यांत पाण्याच्या कडेस कुरव पक्ष्यांचे थवे बसतात; त्यांपैकीं तपकिरी डोक्याचा कुरव लडाख-तिबेटच्या उंच सरोवरांकांठीं वीण करून येथें येतो. आठशे किलोमीटरांच्या प्रवासानें थकलेल्या कुटुंबास या पाहुण्याचा प्रवास ऐकून थोडा धीर येईल.

अलिबागचा कुलाबा किल्ला हा तर भरती-ओहोटीचा उत्तम पाठ होय. शिवाजी महाराजांनीं आरंभिलेला व पुढें कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचें ठाणें झालेला हा जलदुर्ग ओहोटीच्या वेळीं पायीं गांठतां येतो. भरतीस त्याच वाटेवर होड्या चालतात. शहाण्या माणसानें ओहोटी पूर्ण होण्यापूर्वींच निघावें, किल्ला पाहावा, तेथील गोड्या पाण्याच्या विहिरीचें आश्चर्य करावें, आणि पाणी वळण्याच्या आंत परतावें. जो तटावर रमला व वेळ विसरला, त्यास होडीची वाट पाहत बसणें प्राप्त होतें. घाईनें पाण्यांतून चालत येण्याचा मोह मात्र त्यानें कटाक्षानें टाळावा.

उन्हाविषयींही वैदर्भीय माणसाचा एक गैरसमज असतो. ज्यानें मे महिन्यांत पंचेचाळीस अंशांचा ताप सोसला, त्यास किनाऱ्यावरील तेहतीस अंश क्षुल्लक वाटतात. परंतु सावनेरची हवा कोरडी असते. घाम येतांच सुकतो व अंग निवतें. याच कारणानें तेथें वाळ्याचा पडदा किंवा कूलर काम करतो, व कोंकणांत तो निरुपयोगी ठरतो. समुद्रकांठीं हवेंतच बाष्प भरलेलें असल्यामुळें घाम सुकत नाहीं व शरीराची उष्णता बाहेर पडत नाहीं. वारा सुखद वाटत असल्यानें त्वचा भाजत आहे हें ध्यानांतही येत नाहीं. हा वारा देखील नियमानेंच वाहतो. दिवसा जमीन लवकर तापते, तिच्यावरील हवा वर चढते आणि समुद्रावरून खारे वारे येतात. रात्रीं जमीन लवकर निवते व मतलई वारे समुद्राकडे जातात. शिडाच्या होड्यांच्या काळांत कोळी पहाटे मतलई वाऱ्यावर बाहेर पडत व दुपारनंतर खाऱ्या वाऱ्यावर घरीं परतत. सुटीस आलेल्या कुटुंबानेंही सकाळ व सायंकाळ किनाऱ्यावर, आणि दुपार माडांच्या किंवा सुरूच्या सावलींत घालवावी.

ज्यांस अधिक दक्षिणेस जाणें शक्य आहे त्यांच्यासाठीं आणखी दोन स्थळें आहेत. रत्नागिरी जिल्ह्यांतील वेळास येथें समुद्री कांसवांच्या अंड्यांचें रक्षण २००२ पासून चालू आहे. मादी एका वेळेस सुमारें शंभर अंडीं वाळूंत पुरून जाते. दीड-दोन महिन्यांनीं पिलें बाहेर येतात व पाण्याकडे धांव घेतात. फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत हें दृश्य शांतपणें उभें राहून पाहतां येतें. दुसरें स्थळ मालवण. १६६४ ते १६६७ या काळांत बांधलेल्या सिंधुदुर्गाच्या परिसरांत प्रवाळ आहेत, आणि १९८७ मध्यें तेथें सागरी अभयारण्य घोषित झालें. जाणत्या वाटाड्याबरोबर, मुखवटा व श्वासनळी लावून तेथें पाण्याखालचें जग पाहतां येतें. प्रवाळ हे दगड नसून सजीवांची वसाहत आहेत. त्यांवर पाय ठेवूं नये.

आतां जी गोष्ट सर्वांत महत्त्वाची ती. १ फेब्रुवारी २०१६ रोजीं मुरुड येथें सहलीस आलेल्या विद्यार्थ्यांपैकीं डझनाहून अधिक तरुण-तरुणी बुडून मरण पावले. तो पावसाळा नव्हता. निरभ्र दिवशींही समुद्र प्राण घेतो, हें अशा प्रसंगांवरून शिकावयाचें. लाटांनीं किनाऱ्यावर आणलेलें पाणी परत जातांना कांहीं ठिकाणीं एकवटून अरुंद प्रवाहाच्या रूपानें खोल समुद्राकडे ओढ घेतें. दोन्ही बाजूंस लाटा फुटत असतां मधला जो पट्टा शांत दिसतो, तोच बहुधा या ओढीचा असतो. आणि नवखा माणूस नेमका तोच पट्टा निवडतो. खाडीच्या मुखाशीं व खडकांच्या कडेसही अशी ओढ असते. तिच्यांत सांपडल्यास सरळ किनाऱ्याकडे झुंजूं नये. नदींतला पट्टीचा पोहणाराही त्यांत थकून जातो. तरंगत राहावें, हात वर करून मदत मागावी, किनाऱ्यास समांतर पोहून ओढीबाहेर पडावें, व मगच कांठाकडे वळावें. बुडणाऱ्यामागें उडी घेण्यापेक्षां दोर किंवा तरंगणारी वस्तु फेकणें हितावह. स्नान करावयाचें तें गांवकरी दाखवितील तेथेंच, गुडघाभर पाण्यांत, आणि पाणी उतरत असतां नव्हे. जून व जुलै महिन्यांत तर कोळीही होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात. ज्याचें पोट समुद्रावर चालतें तो ज्या ऋतूंत पाण्यांत जात नाहीं, त्या ऋतूंत पाहुण्यानें पाण्यास पाय लावण्याचें कारण नाहीं.

समुद्राची भीति बाळगावी असा याचा अर्थ नव्हे. कोलारला पूर येतो तेव्हां सावनेरचा शेतकरी नदीवर रागावत नाहीं. पूर ओसरण्याची वाट पाहतो, आणि मागें राहिलेल्या गाळांत पीक घेतो. समुद्रालाही रोज दोनदां पूर येतो व रोज दोनदां ओसरतो. जो पंचांग पाहून, वाट पाहून त्याच्याकडे जातो, त्याच्यासाठीं ओहोटीच्या वाळूवर पाहण्याजोगें पुष्कळ मांडून ठेवलेलें असतें.