रग्बीतल्या या मुली पुढच्या वर्षी कुठे असतील?

१० ऑगस्ट २०२५, रविवार. बिहारमधल्या राजगीरच्या मैदानावर भारताच्या वीस वर्षांखालील मुलींनी उझबेकिस्तानला १२-५ असं हरवलं आणि आशियाई रग्बी सेव्हन्स स्पर्धेचं कांस्यपदक पटकावलं. सुवर्ण चीनच्या मुलींनी नेलं. रग्बीच्या अशा बातमीला आपल्याकडे किती जागा मिळते, ते तुम्हाला ठाऊक आहेच.

पण कुंभकोणममधल्या आमच्या घरात या १२-५ वर चांगली दोन तास चर्चा झाली. आदल्या दिवशी राखी पौर्णिमा, म्हणजे इकडची आवणी अविट्टम होती. जानवं बदलायच्या निमित्ताने चेन्नईचे आणि पुण्याचे नातेवाईक जमले होते आणि रविवारी दुपारी कुणालाच परत जायची घाई नव्हती. आम्ही तंजावरी मराठी. भोसल्यांचं राज्य तंजावरला आलं त्या काळापासून कावेरीकाठी राहिलेली ही घराणी, घरात मराठी आणि दारात तमिळ बोलणारी. कबड्डीला 'सडुगुडु' म्हणत वाढलेल्या या माणसांचा रग्बीशी संबंध तसा दोनच महिन्यांचा. जूनमध्ये मुंबईला अंधेरीच्या क्रीडासंकुलात पहिली रग्बी प्रीमियर लीग झाली आणि अंतिम सामन्यात चेन्नई बुल्सने दिल्ली रेड्झला ४१-० असं धुऊन काढलं. त्या दिवसापासून माझा चेन्नईचा मामेभाऊ रग्बीचा जाणकार झाला. पुण्याच्या काकांनी भाषेच्या अभिमानापोटी मुंबई ड्रीमर्सची बाजू धरली होती. त्यामुळे दोघांचं जूनपासूनच वाजलेलं.

वाद समजायला खेळाची थोडी ओळख हवी. सेव्हन्स म्हणजे सात-सात जणांचा संघ आणि सात-सात मिनिटांचे दोन डाव. चहा उकळून कपात ओतेपर्यंत अर्धी मॅच संपते. चेंडू हातात घेऊन पुढे पळता येतं, पण हाताने पास द्यायचा तो बाजूला किंवा मागेच. समोरच्या संघाच्या रेषेपलीकडे जाऊन चेंडू जमिनीला टेकवला की 'ट्राय', त्याचे ५ गुण. मग दोन खांबांच्या मधून चेंडू मारला की आणखी २. हा फटका मात्र जिथे चेंडू टेकवला त्याच्या सरळ रेषेतूनच मारावा लागतो. म्हणून रेषा ओलांडल्यावरही मुली कोपऱ्यातून खांबांच्या दिशेने पळताना दिसतात, तेवढाच फटका सोपा होतो. म्हणजे १२ गुण साधारणपणे दोन ट्राय आणि एक यशस्वी फटका. ५ गुण म्हणजे एक ट्राय आणि हुकलेला फटका. कबड्डी बघितलेल्या माणसाला टॅकल वेगळा शिकवावा लागत नाही. तीच पकड, फक्त चढाई करणारा परत फिरत नाही.

काकांचं म्हणणं असं, की तिसरं येण्यात कसलं कौतुक? घरचं मैदान होतं, प्रेक्षक आपले होते, सुवर्णच यायला हवं होतं. मामेभावाचं म्हणणं, हीच पोरं-पोरी उद्याचा मोठा संघ, ज्युनिअरमध्ये पदक आलं की सिनिअरमध्ये येणारच. घराघरांत, कट्ट्यांवर युवा संघांबद्दल बोलताना माणसं हीच दोन टोकं धरतात. मला दोन्ही पटत नाहीत, आणि त्याचं कारण जगाच्या रग्बीतच सापडतं.

वीस वर्षांखालील मुलांची जागतिक स्पर्धा २००८ पासून खेळली जाते. ती पंधरा-पंधरा खेळाडूंची. पहिली चारही विजेतेपदं न्यूझीलंडने नेली आणि पुढे २०११ आणि २०१५ चे मोठे विश्वचषकही त्यांनीच जिंकले. इथवर मामेभाऊ बरोबर. पण पुढे बघा. फ्रान्सने २०१८, २०१९ आणि २०२३ अशी लागोपाठ तीन ज्युनिअर विजेतेपदं मिळवली (मधली वर्षं कोविडने खाल्ली), तरी मोठा विश्वचषक त्यांच्या पुरुष संघाला अजून मिळालेला नाही. उलट दक्षिण आफ्रिकेचं बघा. २०१२ मध्ये ज्युनिअर विजेतेपद, मग पुढचं थेट २०२५ मध्ये, इटलीत न्यूझीलंडला २३-१५ असं हरवून. आणि मधल्या काळात, ज्युनिअरचा चषक हाती नसताना, त्यांच्या मोठ्या संघाने २०१९ आणि २०२३ असे दोन विश्वचषक उचलले!

म्हणजे विशीच्या आतल्या संघाचा निकाल हा काही जन्मपत्रिकेतला योग नव्हे. विशीनंतर त्या मुलांना सांभाळणारं कुणी आहे का, क्लब आहे का, पगार आहे का, यावर बरंच ठरतं. युवा संघाची गंमत आणि दुखणं एकच आहे, हा संघ दर वर्षी मोडतो. वय झालं की खेळाडू बाहेर.

त्या दुपारी हे माझ्याआधी आत्याच्या लक्षात आलं. तिला नियम अर्धेच कळले होते. हातातली कॉफी संपवून तिने विचारलं, "अरे, पण ह्या पोरी वीस वर्षांच्या झाल्या की पुढं काय करतात?" दोघेही जाणकार गप्प झाले.

प्रश्न नेमका आहे, कारण युवा मुलींचं आशियाई पदक काही पहिल्यांदा आलं नव्हतं. सप्टेंबर २०२१ मध्ये ताश्कंदला आपल्या अठरा वर्षांखालील मुलींनी आशियाई स्पर्धेचं रौप्यपदक मिळवलं होतं. पण तेव्हाच्या बहुतेक मुली चार वर्षांनी वीसच्या वयोगटात बसतच नाहीत. तेव्हाच्या वेगळ्या, आताच्या वेगळ्या.

मग जुन्या मुलींचं काय होतं? काही उत्तरं चांगली आहेत. राजगीर ज्या नालंदा जिल्ह्यात आहे, तिथल्याच एका शेतकरी घरातली श्वेता शाही. सुरुवातीला यूट्यूबवरचे व्हिडिओ बघून शिकली आणि भारताच्या संघात पोचली. पाटणा जिल्ह्यातल्या बाढची स्वीटी कुमारी, जिला २०१९ मध्ये महिला रग्बीला वाहिलेल्या 'स्क्रमक्वीन्स'ने वर्षातली सर्वोत्तम आंतरराष्ट्रीय युवा खेळाडू ठरवलं. बिहार सरकारची 'मेडल लाओ, नौकरी पाओ' ही योजना नावावरूनच कळते. ओडिशात भुवनेश्वरच्या कलिंग इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसमध्ये आदिवासी मुलामुलींना शिक्षणाबरोबर रग्बी मिळतं. तिथल्या मुलांनी २००७ मध्ये लंडनला जाऊन चौदा वर्षांखालील शालेय स्पर्धा जिंकली होती. आणि आपल्या पुण्याची वाहबिझ भरुचा. २०१८ मध्ये सिंगापूरला भारताच्या महिलांचा पंधरा जणींचा संघ पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय सामने खेळला, तेव्हा ती कर्णधार होती. व्यवसायाने ती फिजिओथेरपिस्ट आहे. म्हणजे देशाची कर्णधार असूनही पोट दुसऱ्या कामावर. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही, पण मुलीला मैदानावर पाठवणाऱ्या आईबाबांना ते माहीत असलेलं बरं.

तक्रार खरी आहे ती वेगळीच. जूनमधली ती प्रीमियर लीग, जिच्यामुळे आमच्या घरात रग्बी शिरलं, तिच्या पहिल्या मोसमात सहाही संघ पुरुषांचे होते. दोनच महिन्यांनी घरच्या मैदानावर पदक आलं ते मुलींकडून. राजगीरच्या मुलींना टीव्हीवरच्या त्या झगमगाटात उतरायला दारच नव्हतं. आणि विशीनंतर आधार मिळाला नाही तर काय होतं, ते हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत (२०२३ मध्ये झालेल्या) दिसलं आहे. तिथे जपान आणि हाँगकाँगसमोर आपल्या महिला संघाला मोठ्या फरकाने हार पत्करावी लागली. त्याच्या आदल्या वर्षी जकार्तात आशियाई सेव्हन्स ट्रॉफीचं रौप्य आलं होतं, हेही खरं. आपल्याकडे गुणवत्ता नाही असं नाही, पण हांगझोऊचं सुवर्ण ज्या चीनने घेतलं, त्याच चीनच्या वीसच्या आतल्या मुली राजगीरला जिंकल्या. त्यांच्याकडे धाकटीच्या मागे थोरली उभी असते.

घरच्यांची भीती मात्र पदकांची नसते, हाडांची असते. माझ्या आईने मॅच बघताना तीनदा डोळे झाकले. या भीतीला हसू नये. टॅकल शिकवावा लागतो, डोकं कुठे ठेवायचं, खांदा कुठे लावायचा, पडायचं कसं. खांद्याच्या वर पकडणं हा नियमभंग आहे आणि धोकादायक पकडीला कार्ड दाखवून खेळाडूला बाहेर बसवतात. डोक्याला मार लागल्याचा नुसता संशय आला, तरी मुलीला मैदानाबाहेर काढायचं आणि त्या दिवशी परत उतरवायचं नाही, हा मुलांच्या रग्बीतला पक्का दंडक. तुमच्या गावात कुणी रग्बी शिकवायला लागलं, तर पदकांची यादी मागण्याआधी हे विचारा: टॅकल कोणत्या वयात सुरू करता? डोक्याला लागलं तर काय करता? उत्तर चटकन आणि नीट आलं तर मुलीला खुशाल पाठवा. 'काही होत नाही हो' असं आलं तर नको. लहान मुलांसाठी पकडीऐवजी नुसता स्पर्श करून थांबवायचा 'टच रग्बी' असतो. तो वाळूत, गवतावर, कुठेही खेळता येतो आणि मुलं-मुली एकत्र खेळू शकतात.

जाता जाता, ज्यांना रग्बी परका वाटतो त्यांच्यासाठी एक गोष्ट. इंग्लंड आणि स्कॉटलंड ज्या चषकासाठी १८७९ पासून भांडतात, तो 'कलकत्ता कप' आपल्या रुपयांचा आहे. कलकत्त्याचा रग्बी क्लब बंद पडला तेव्हा बँकेतले चांदीचे रुपये काढून, ते वितळवून तो घडवला. त्याच्या तीन मुठी नागाच्या आकाराच्या आहेत आणि झाकणावर हत्ती आहे.

सप्टेंबर २०२६ मध्ये जपानच्या आइची-नागोयाला आशियाई स्पर्धा आहेत आणि त्यात रग्बी सेव्हन्सही आहे. भारताच्या मुलींचा संघ तिथे उतरला, तर आधी निकाल बघू नका. संघाची यादी काढा आणि राजगीरला खेळलेल्यांपैकी किती जणी तिच्यात आहेत, ते मोजा.