कोरफड, अडेनियम बुडातून कुजतंय? पाणी कमी नाही, जास्त झालंय!

आठवडी बाजारात रोपांची गाडी लागली की हल्ली गुलाब-मोगऱ्याच्या शेजारी जाड पानांची, गोलमटोल रोपंही दिसतात. नर्सरीवाले त्यांना 'सक्युलेंट' म्हणतात. शे-दीडशे रुपये देऊन लोक हौसेने घरी आणतात आणि तुळशीशेजारी ठेवतात. सकाळी तुळशीला पाणी घालताना तांब्यातलं उरलेलं याही कुंडीत जातं. महिना-दोन महिन्यांत झाड बुडातून मऊ पडतं आणि आडवं होतं. घरात म्हणतात, पाणी कमी पडलं असेल. मग शेजारच्या कुंडीत आणखी एक तांब्या!

खरं कारण उलटं आहे. कोरफड, निवडुंग, पानफुटी, घायपात, जेड, अडेनियम ही सगळी पानात किंवा खोडात पाणी साठवणारी झाडं. बहुतेक पिकं दिवसा पानांवरची बारीक छिद्रं उघडी ठेवतात आणि त्या वाटेने पाण्याची वाफ होऊन जाते. यातली बरीचशी झाडं ती छिद्रं दिवसा मिटून घेतात आणि रात्री गारव्यात उघडतात. त्यामुळे पाणी फार थोडं खर्च होतं. अशा झाडाच्या मुळाशी रोज ओल राहिली की मुळांना हवा मिळत नाही, बुरशी लागते आणि सड वर चढते. वरून पान हिरवं दिसतं तोवर खाली मूळ गेलेलं असतं.

निम्मी चूक मातीत असते. शेतातली काळी माती कपाशीला चांगली, पण कुंडीत ती पाणी धरून बसते आणि वाळली की दगडासारखी होते. एक भाग साधी माती, एक भाग नदीची जाड वाळू, एक भाग बारीक मुरूम किंवा विटेचे खडे आणि वर मूठभर चांगलं कुजलेलं शेणखत, एवढं पुरतं. समुद्राची वाळू नको, त्यात मीठ असतं. युरिया तर टाकूच नये. झाड फोफावतं, पण पिचपिचीत होतं आणि लवकर सडतं. कुंडी मातीची असली तर उत्तम. रंगाचा रिकामा डबा चालेल, पण खाली तीन-चार भोकं हवीतच.

पाणी कधी घालायचं ते वारावर ठरवू नये. अगरबत्तीची काडी कुंडीत खालपर्यंत खुपसून काढावी. माती चिकटून आली तर पाणी नाही. काडी कोरडी आली तर भोकातून निथळेपर्यंत भरपूर द्यावं आणि पुन्हा वाळेपर्यंत विसरून जावं. पान सुरकुतलं तर तहान आहे. पान पिवळट, पाणी भरल्यासारखं मऊ झालं तर पाणी जास्त झालंय. थंडीत अडेनियमची पानं गळतात, ते मेलेलं नसतं, विसावा घेतं. त्या काळात त्याला जवळपास पाणी नको.

पावसाळ्यात जागा बदला

कोकणात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, सोलापूरकडे त्याच्या पाव हिश्श्याच्या आसपास. म्हणून दोन्हीकडचा नियम एक नाही. सोलापूर-बीडकडे जमिनीत उंचवट्यावर लावलेली कोरफड आपोआप जगते. कोकणात मात्र कुंड्या जूनपासून पडवीत, पागोळी पडणार नाही पण उजेड मिळेल अशा जागी घ्याव्या लागतात. उन्हाळ्यात विदर्भ-मराठवाड्यातल्या भर दुपारच्या उन्हात मऊ पानांची शोभेची रोपं भाजतात. त्यांना कडुनिंबाच्या विरळ सावलीत किंवा ग्रीन नेटखाली ठेवावं.

सड लागली तरी सगळं गेलं असं नाही. धारदार सुरीने वरचा निरोगी भाग कापावा. कापलेल्या जागी काळा-तपकिरी ठिपका दिसला तर आणखी वर कापावं. तो तुकडा सावलीत चार-पाच दिवस वाळू द्यावा आणि मगच कोरड्या वाळूत रोवावा. ओला तुकडा लगेच लावला तर तोही जातो.

पिठ्या ढेकूण दिसला तर कापसाच्या बोळ्याने स्पिरिट लावून पुसून काढावा. कपाशीवर फवारून उरलेलं औषध कुंडीत ओतायची सवय अनेक घरांत आहे. ती सोडा. त्याच कोरफडीचा गर घरातली पोरंबाळं तोंडाला लावतात.

चिकापासून डोळे सांभाळा

आपल्याकडे काटेरी दिसलं की सगळ्यालाच निवडुंग म्हणतात. पण फड्या निवडुंग अमेरिकेकडून आलेला, त्यात पांढरा चीक नसतो. तीनधारी, थोर आणि कुंपणाचा शेर हे वेगळ्या कुळातले. खरचटलं तरी पांढरा चीक गळतो. तो डोळ्यात गेला तर प्रचंड आग होते, बुबुळाला इजा होऊ शकते. अडेनियमचा रसही विषारी आहे, आफ्रिकेत तो बाणाला लावत. छाटताना हातमोजे आणि चष्मा घालावा, लहान मुलांना लांब ठेवावं. चीक डोळ्यात गेलाच तर निदान पंधरा मिनिटं स्वच्छ पाण्याची धार सोडावी आणि लगेच दवाखाना गाठावा. दूध, तूप, मध काहीही डोळ्यात घालू नये. त्यात वेळ जातो आणि डोळा जास्त बिघडतो.

कोरफडीचं पान कापल्यावर पिवळा रस निघतो. तो जुलाब लावतो, गरोदर बाईने तर पोटात घेऊच नये. पान दहा-पंधरा मिनिटं उभं ठेवून तो रस गळू द्यावा आणि मग गर काढावा. तोंडाला लावण्याआधी मनगटावर लावून पाहावं, काहींना खाज सुटते.

पानफुटीचंही एक लक्षात ठेवा. तिचं पान जिथे पडेल तिथे रोप उगवतं, म्हणून ती परसात झपाट्याने पसरते. ही झाडं जास्त खाल्ली तर जनावरांच्या हृदयावर परिणाम होतो. उपटलेली पानफुटी शेळ्यांपुढे किंवा गोठ्याकडे टाकू नका, खड्ड्यात पुरा.