सूचनापत्रकाची कसोटी

यंत्र बाजारांत येण्यापूर्वीं त्याची कसून चांचणी होते; परंतु तें कसें राखावें हें सांगणाऱ्या कागदाची चांचणी क्वचितच कोणी घेतो. वस्तुतः यंत्राचें आयुष्य, आणि कित्येक वेळां तें चालविणाऱ्याची बोटेंहि, ह्याच कागदावर अवलंबून असतात.

वसईच्या पूर्वेस, तुंगारेश्वराच्या डोंगराच्या बाजूस असलेलें सातिवली हें गांव आतां लहान कारखान्यांचें गांव म्हणून ओळखलें जातें. तेथील औद्योगिक वसाहतींतील गाळ्यांत निरनिराळ्या प्रांतांतून आलेले कारागीर शेजारीं शेजारीं काम करतात. सर्वांची मातृभाषा एक नाहीं. अशा गाळ्यांत हवा दाबून साठविणारा कॉम्प्रेसर हें नेहमींचें यंत्र होय. समजा, एखाद्या गाळ्याच्या भिंतीवर पुढील पत्रक लाविलें आहे: ‘१. टाकींतील पाणी काढून टाकावें. २. जाळी काढून पट्ट्याचा ताण पाहावा. ३. तेलाची पातळी पाहावी. ४. हीं कामें करतांना मेन स्विच बंद असावा.’

ह्या चार वाक्यांतील एकहि वाक्य खोटें नाहीं. तरीहि हें पत्रक घातक आहे. नवा कारागीर तें वरून खालीं, एकेक वाक्य वाचीत काम करतो. यंत्र थांबलेलें असतें. तें बंदच आहे असें त्यास वाटतें. टाकीखालची चावी उघडतांच पाण्याबरोबर हवाहि बाहेर पडते व टाकींतील दाब उतरतो. दाब ठराविक मर्यादेखालीं गेला कीं स्वयंचलित स्विच मोटार आपोआप सुरू करतो. नेमका त्याच वेळीं जाळी काढलेली असते आणि हात पट्ट्यावर असतो! चौथें वाक्य पहिलें असतें, तर हा प्रसंग आलाच नसता.

पत्रक लिहिणाऱ्या अभियंत्यास हा दोष कां दिसत नाहीं? कारण यंत्र त्यास पाठ असतें. कागदावर जें नाहीं तें तो मनांतून भरून काढतो. स्विच तर त्याचा हात संवयीनेंच बंद करतो. बरें, कारागिरास कागद देऊन ‘समजलें का?’ असें विचारावें, तर तो ‘हो साहेब’ म्हणूनच सांगणार. चारचौघांत आपलें अज्ञान कबूल करणें कोणास आवडतें?

म्हणून कसोटीचा मार्ग एकच: कागद वापरणाऱ्याच्या हातीं द्यावा आणि आपण गप्प बसावें. ज्यानें तें काम पूर्वीं केलेलें नाहीं असा माणूस निवडावा. त्याच यंत्रापाशीं, त्याच उजेडांत, त्याच तेलकट हातांनीं त्यास काम करूं द्यावें. आरंभींच त्यास सांगावें, ‘परीक्षा तुमची नाहीं, ह्या कागदाची आहे. जें मनांत येईल तें मोठ्यानें बोला.’ तो कोठें थांबला, कोणतें वाक्य दोनदां वाचलें, कोणत्या चावीऐवजीं कोणत्या चावीस हात घातला, हें टिपून घ्यावें. चुकला तरी मध्यें शिकवूं नये; मात्र वीजपुरवठा आधींच तोडून त्याची किल्ली निरीक्षकानें आपल्याजवळ ठेवावी, म्हणजे चूक उघड होईल पण इजा होणार नाहीं. नंतर कागद दुरुस्त करून दुसऱ्या नव्या माणसाकडे द्यावा. पहिला माणूस आतां शिकलेला असतो, त्याची साक्ष उपयोगी नाहीं.

अशीं माणसें शेंकड्यांनीं लागत नाहींत. संगणकावरील कामांच्या चांचण्यांवरून जेकब नील्सेन व टॉमस लँडावर ह्यांनीं १९९३ सालीं जो हिशेब मांडला, त्यावरून पहिल्या कांहीं माणसांतच बहुतेक दोष उघडे पडतात असें दिसतें. पांच माणसांचा परिपाठ त्यांतूनच रूढ झाला. अर्थात् जेथें जिवाचा धोका आहे, तेथें पांचांवर थांबणें शहाणपणाचें नव्हे.

कित्येकदां असेंहि आढळतें कीं, दोष शब्दांत नसून यंत्राच्या घडणींतच आहे. महाराष्ट्रास परिचित असलेला हापसा ह्याचें उत्तम उदाहरण होय. कठीण खडकांतील विंधनविहिरींवर प्रथम बसविलेले बिडाचे पंप एका कुटुंबाच्या वापराच्या बेताचे होते. साऱ्या गांवाचा भार पडतांच ते मोडूं लागले. तेव्हां जालना व सोलापूर येथें मिशनमधील मंडळींनीं मजबूत पोलादी पंप तयार केले, आणि सोलापूरच्या नमुन्यावरून पुढें १९७०–८० च्या दशकांत ‘इंडिया मार्क टू’ निघाला. तो टिकाऊ ठरला. पण खोल पाण्यांतील वॉशर बदलावयाचा तर सगळे नळ वर ओढावे लागत. त्यास खास हत्यारें, अनेक माणसें व गाडी लागे. कितीहि सोप्या भाषेंत सूचना लिहिल्या, तरी गांवच्या एकट्या मिस्त्रीस तें काम झेपणें शक्य नव्हतें. त्यानंतरच्या दशकांत कोइमतूरच्या परिसरांत प्रत्यक्ष विहिरींवर प्रयोग झाले व ‘इंडिया मार्क थ्री’ तयार झाला. त्यांत नळच रुंद केला. त्यामुळें नळ जागेवर ठेवून दट्ट्या वर काढतां येऊं लागला. येथें वाक्य सुधारलें नाहीं, कामच सोपें केलें.

हाच न्याय घरासहि लागू आहे. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राची गाळणी कशी बदलावी, हें मुलगा आईसाठीं कागदावर लिहून ठेवतो आणि परगांवीं जातो. जाण्यापूर्वीं अर्धा तास तिच्याजवळ मुकाट्यानें बसून, तो कागद पाहून ती काय करते एवढें जरी त्यानें पाहिलें, तरी ‘आईला यंत्रांतलें कळत नाहीं’ ही तक्रार बरीचशी नाहींशी होईल. आईला कळत नाहीं असें नसून कागदाला सांगतां येत नाहीं, हें त्याच्या ध्यानांत येईल.