अंतर अधिक, वेळ कमी

दोन गावांमधील अंतर ठाऊक असले, की प्रवासाला लागणाऱ्या वेळेचा अंदाज बांधता येतो. रस्त्यावर हा हिशेब बहुधा जुळतो. आकाशात मात्र तो नेहमीच जुळतो असे नाही. दिल्ली ते अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सॅन फ्रान्सिस्को हा विमानप्रवास याचे उत्तम उदाहरण आहे.

नकाशा सपाट असतो, पृथ्वी मात्र गोल आहे. पृथ्वीगोलावर या दोन शहरांदरम्यान दोरा ताणून धरला, तर तो उत्तर ध्रुवाकडील प्रदेशावरून जातो. हे सर्वांत कमी अंतर सुमारे १२,४०० किलोमीटर आहे. परंतु वारे, हवामान आणि निरनिराळ्या देशांच्या हवाई हद्दी यांचा विचार करून विमानाचा मार्ग ठरवावा लागतो.

एअर इंडियाने ही थेट सेवा डिसेंबर २०१५ मध्ये सुरू केली. तेव्हा विमान पश्चिमेकडे, अटलांटिक महासागरावरून जात असे. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते पूर्वेकडे, पॅसिफिक महासागरावरून नेण्यात आले. नवा मार्ग सुमारे १५,३०० किलोमीटरचा, म्हणजे जुन्या मार्गापेक्षा सुमारे १,४०० किलोमीटरने अधिक होता. तरीही विमान सुमारे साडेचौदा तासांत पोहोचले आणि जवळजवळ दोन तास वाचले.

हे कसे घडले? पृथ्वी पूर्वेकडे फिरते, तेव्हा पूर्वेकडील विमानाला उशीर व्हायला हवा, असे काहींना वाटते. परंतु पृथ्वीबरोबर तिच्याभोवतीची हवाही फिरत असते. खरे कारण वाऱ्यात आहे. सुमारे दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे अतिशय वेगवान वारे वाहतात. त्यांना 'जेट प्रवाह' म्हणतात. समजा, विमानाचा हवेतील वेग ताशी ९०० किलोमीटर आणि वाऱ्याचा १०० किलोमीटर आहे. वारा पाठीशी असेल, तर विमान तासाला १,००० किलोमीटर अंतर कापते. तोच समोरून आला, तर केवळ ८००. प्रवाहाबरोबर जाणाऱ्या नावेसारखाच हा प्रकार आहे. वेळ वाचला, की इंधनही वाचते.

आता घड्याळाचा हिशेब पाहू. उन्हाळ्यात सॅन फ्रान्सिस्कोचे घड्याळ भारताच्या साडेबारा तास मागे असते, तर हिवाळ्यात साडेतेरा तास. उन्हाळ्यातील एखाद्या रविवारी पहाटे तीन वाजता दिल्लीहून निघालेले विमान साडेचौदा तासांनी उतरले, तर भारतात सायंकाळचे साडेपाच वाजलेले असतील. तेथे मात्र रविवारचीच पहाट असेल आणि घड्याळ पाच वाजल्याचे दाखवील. केवळ घड्याळे पाहणाऱ्यास हा प्रवास दोन तासांचाच वाटेल.

विमानाच्या तिकिटावर सुटण्याची आणि पोहोचण्याची वेळ त्या त्या ठिकाणच्या घड्याळाप्रमाणे छापलेली असते. म्हणून परदेशातून येणाऱ्या आप्ताला आणावयास जाताना किंवा पुढील गाडीचे आरक्षण करताना दोन्ही ठिकाणची वेळ आणि तारीख नीट पाहणे आवश्यक आहे.