पाळलेला कुत्रा अंगावर का येतो?

पिंपरीच्या संत तुकाराम नगरात सायंकाळी फेरफटका मारला, तर एखादा कुत्रा शेपूट हालवीत मालकासोबत चाललेला दिसतो आणि दुसरा फाटकाआडून येणाऱ्याजाणाऱ्यावर धावून येतो. दोघेही माणसाच्या हातचेच खातात. मग एक मायाळू आणि दुसरा रागीट, असे का व्हावे?

लांडग्याच्या वंशातला हा प्राणी निदान 15,000 वर्षे मनुष्याच्या सहवासात आहे. परंतु आपली जागा व आपले अन्न राखण्याची त्याची वृत्ती गेलेली नाही. धनगराच्या वाड्यावर याच वृत्तीचे मोल फार. तीच इमारतीच्या जिन्यात आली, की बिचारा दूधवाला चोर ठरतो!

तथापि बहुतेक वेळा या रागाच्या मुळाशी भीती असते. वयाच्या सुमारे 3 ते 14 आठवड्यांत पिलू जे पाहते, ते त्याच्या ओळखीचे होते. त्या दिवसांत ज्याने लहान मुले, काठी टेकीत चालणारे आजोबा किंवा रिक्षाचा आवाज अनुभवला नाही, तो पुढे त्यांना भितो. भ्यालेला प्राणी पळून जातो. पण साखळीने बांधलेल्याने पळावे कोठे? तो दात दाखवितो. समोरचा मागे सरला, की हा उपाय लागू पडतो, हे तो शिकतो.

काठीने कुत्रा वठणीवर येतो, ही समजूत साफ चुकीची आहे. गुरगुरणे हा त्याचा इशारा होय. गुरगुरल्याबद्दल ज्याला मार बसला, तो पुढे न गुरगुरताच चावण्याचा संभव असतो. ताठ अंग, चुकविलेली नजर, वारंवार ओठ चाटणे, हेही इशारेच. शेपूट हालते म्हणजे स्वारी खुशीत आहे, असे मात्र नेहमीच नसते.

एरवी गरीब असलेला कुत्रा एकाएकी चिडू लागला, तर त्याचा कान ठणकत असेल, सांधे दुखत असतील. अशा वेळी त्याला पशुवैद्याकडे न्यावे.

रेबीज झालेला कुत्राही चवताळतो. या रोगाची लक्षणे दिसू लागली, की रोगी बहुधा वाचत नाही. म्हणून कोणताही कुत्रा चावला, तरी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटे धुवावी आणि तत्काळ रुग्णालय गाठावे. संत तुकाराम नगरात महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे. वेळीच टोचलेली लस रोगाला रोखते. 1885 साली पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्या जोसेफ माइस्टर या 9 वर्षांच्या मुलाला पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांची लस टोचण्यात आली. तो मुलगा वाचला.