अंगणातील तारा आणि घरातील तार

आगमनकाळाचे शेवटचे दिवस आले की आमच्या धूलकोटच्या परिसरात घरोघर तारे दिसू लागतात. सातपुड्याच्या कुशीतली ही वस्ती एका ठिकाणी दाटीवाटीने वसलेली नाही. आठदहा घरांची एक फळी, मग कपाशीची शेते, मग एखादा कोरडा नाला, आणि त्यापलीकडे दुसरी फळी. आजाऱ्याच्या भेटीहून रात्री परतताना दूरवर कोणाच्या बांबूवर लाल कागदी तारा उजळलेला दिसला म्हणजे वाटसरूच्या मनाला केवढा धीर येतो, हे आम्ही पुष्कळदा अनुभवले आहे. घरातला दिवा घरच्यांसाठी असतो, अंगणातला दिवा मात्र येणाऱ्याजाणाऱ्यासाठी असतो. म्हणूनच अंगणातला तारा लावण्याची ही रीत आम्हांस प्रिय आहे. तिच्याविरुद्ध एक शब्दही लिहिण्याचा आमचा हेतू नाही. त्या ताऱ्यापर्यंत वीज कोणत्या वाटेने जाते आणि रात्री तो कोण विझवितो, एवढ्याच दोन गोष्टींविषयी आज आम्हांस बोलायचे आहे.

आरंभ आमच्याच चुकीपासून करतो. ती सांगताना संकोच वाटतो, तथापि ती लपवून दुसऱ्यांस उपदेश करणे बरे नव्हे. काही वर्षांपूर्वी मंदिराच्या अंगणात आम्ही गव्हाण उभारली होती. खोलीतल्या बोर्डापासून गव्हाणीपर्यंत वायर पुरेना. तेव्हा आम्ही स्वतःच्या हाताने दोन तुकडे पिळून जोडले, वर चिकटपट्टी गुंडाळली, आणि वायर दिसू नये म्हणून तिच्यावर गवत पसरले. दोन रात्री सारे सुरळीत चालले. तिसऱ्या दिवशी पहाटे दव पडले होते. वेदीसेवक मुलगा अनवाणी आला व विसकटलेले गवत सारखे करू लागला. त्याचा हात त्या जोडावर पडला. सुदैवाने एक वृद्ध गृहस्थ जवळच होते. त्यांनी धावत जाऊन मुख्य स्विच खाली ओढला. मुलगा वाचला, पण त्याच्या तळहातावरचा डाग आजही आहे, आणि प्रभुभोजन घेण्यास तो हात पुढे करतो तेव्हा आमची नजर खाली वळते.

त्या दिवशी एका गोष्टीचे आम्हांस फार नवल वाटले. मुलगा विजेला चिकटला असता फ्यूज कसा उडाला नाही? पुढे एका जाणत्या वायरमनने आम्हांस जे समजावून दिले ते प्रत्येक गृहस्थाने ध्यानात ठेवण्याजोगे आहे. फ्यूज आणि एमसीबी हे वायरचे रक्षक आहेत, माणसाचे नव्हेत. पाच अँपिअरचा फ्यूज पाच हजार मिलिअँपिअरपर्यंतचा प्रवाह मुकाट्याने जाऊ देतो. आपल्या घरातला नऊ वॅटचा लहानसा बल्ब सुमारे चाळीस मिलिअँपिअर घेतो. आणि तेवढाच प्रवाह माणसाच्या छातीतून काही क्षण वाहिला तर हृदयाची गती बिघडून प्राण जाऊ शकतो. एका बल्बाला पुरणारी वीज माणसाला मारण्यास पुरेशी आहे, आणि फ्यूजला त्याचा पत्ताही लागत नाही!

माणसाच्या रक्षणासाठी वेगळे साधन आहे. त्यास आरसीसीबी म्हणतात. घरात जाणारा आणि घरातून परतणारा प्रवाह ते सारखा तोलून पाहते. तीस मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे वीज कोठेतरी भलत्या वाटेने गळू लागली, की ते क्षणार्धात पुरवठा तोडते. त्यावर एक बारीक बटण असते. ते अधूनमधून दाबून यंत्र जागे आहे ना, याची खात्री करावी. त्याची किंमत एका चांगल्या शेळीच्या किमतीहून पुष्कळ कमी आहे. अंगणात वीज नेऊ इच्छिणाऱ्या प्रत्येक घराने, आणि प्रत्येक मंदिरानेही, ते प्रथम बसवावे. आम्ही ते बसविले, पण अपघात झाल्यानंतर.

वायरची वाट

विजेचे दिवे नाताळात आले ते काही अंशी आगीच्याच भयाने. पूर्वी युरोप-अमेरिकेत नाताळवृक्षाच्या फांद्यांवर खऱ्या मेणबत्त्या लावीत, आणि वाळलेले झाड पेट घेई. १८८२ साली न्यूयॉर्क शहरात एडिसनचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी आपल्या घरच्या झाडावर विजेचे ऐंशी लहान दिवे लावले. पुढे ती चाल जगभर पसरली. ज्योत गेली, पण धोका गेला नाही. तो दिव्यातून निघून वायरमध्ये जाऊन बसला, एवढेच. ज्योत डोळ्यांना दिसत होती. वायरमधला धोका दिसत नाही.

म्हणून अंगणात न्यावयाची वायर एकसंध असावी. अंतर मोजावे, आणि तेवढ्या लांबीची, चांगल्या जाड वेष्टनाची, तीन तारांची तांब्याची वायर बाजारातून आणावी. तिसरी तार अर्थिंगची. ती अनावश्यक समजून पुष्कळ लोक सोडून देतात, किंवा प्लगची तिसरी पिन मोडून टाकतात. असे कदापि करू नये. तसेच प्लग न लावता वायरची उघडी टोके सॉकेटमध्ये घालून आगकाडी खोचण्याची जी रीत आपल्याकडे घरोघर पाहावयास मिळते, ती तर काळाला आमंत्रण आहे. आणि दोन्ही टोकांना पिन असलेली वायर जर कोणी करून ठेवली असेल, तर ती आजच तोडून टाकावी. तिचे एक टोक बोर्डात गेले की दुसऱ्या टोकाच्या पिना हातात जिवंत होतात.

एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवर ठेवू नये. ओट्याच्या वळचणीखाली, लेकरांच्या हाताबाहेर, तो टांगावा. त्याच्याकडे येणारी वायर आधी खाली झोल घेऊन मग वर यावी, म्हणजे दवाचे थेंब झोलाच्या तळाशी गळून पडतात, सॉकेटमध्ये उतरत नाहीत. वायर पत्र्याच्या कडेवरून नेऊ नये. वाऱ्याने ती हालते, पत्र्याची धार वेष्टन कापते, आणि एके सकाळी सारा पत्रा विजेने भारलेला असतो. कपडे वाळत घालण्याच्या तारेला तर माळ कधीच बांधू नये. ओले कपडे घेऊन तेथे प्रथम जाते ती घरची आई किंवा बहीण. शेळी वायर चघळते, उंदीर कुरतडतो. यास्तव दरवर्षी माळा पेटीतून काढल्यावर, प्लग न लावता, सबंध वायर बोटांतून सरकवून पाहावी. भेग किंवा उघडा भाग आढळला तर ती वायर बाहेर वापरू नये.

तारा उंच दिसावा म्हणून बांबू उभा करताना आधी वर पाहावे. शेतांवरून जाणाऱ्या मोठ्या लाइनीत अकरा हजार व्होल्टचा दाब असतो. ओला बांबू तिच्या नुसता जवळ गेला तरी पुरते. लाइनीखाली तारा नको. चार हात उंची कमी झाली तरी मागींना वाट चुकणार नाही!

आता आमच्या भागातील एक विशेष गोष्ट. डिसेंबरात घरात वेचलेला कापूस भरलेला असतो. पुढच्या खोलीत आढ्यापर्यंत ढीग, ओट्यावर कडबा, आणि अंगणाच्या कडेला पऱ्हाट्यांची रास. वर्षाची सारी कमाई, मुलीच्या लग्नाचा खर्च, सावकाराचे देणे, सारे त्या पांढऱ्या ढिगात असते. आणि बोर्डही बहुधा त्याच खोलीत असतो! ढिला प्लग किंवा कच्चा जोड तापतो, ठिणगी सोडतो. एलईडीच्या माळा फारच थोडी वीज घेतात, त्यांनी वायर सहसा तापत नाही. परंतु त्याच बोर्डावर कोणी पाणी तापविण्याची कांडी किंवा इस्त्री लावली, तर मात्र बारीक वायर भाजून निघते. आणि वायर गुंडाळलेली असेल तर तिची उष्णता आतल्या आत साठत जाते. म्हणून वापरताना वायर पूर्ण उलगडावी, आणि कापसाजवळून ती मुळीच नेऊ नये, मग तारा अंगणाच्या दुसऱ्या कोपऱ्यात लावावा लागला तरी चालेल.

विझविणारा हात

तारा लावायला घरात सगळेच उत्सुक असतात. रात्री उठून तो विझवायला कोणी नसते. थंडीत गोधडीतून बाहेर कोण येणार? मग दिवा रात्रभर जळतो. पूर्वीचा साठ वॅटचा बल्ब ताऱ्यात घालून १६ डिसेंबरपासून ६ जानेवारीपर्यंत रोज बारा तास ठेवला, तर जवळजवळ सोळा युनिट वीज जाते. नऊ वॅटचा एलईडी बल्ब रोज पाच तास लावला तर त्याच बावीस रात्रींत एक युनिटही पुरते होत नाही. तथापि पैशापेक्षा मोठी गोष्ट ही की, सारे निजलेले असताना वायरवर कोणाचे लक्ष नसते.

या कामी टायमर नावाचे छोटे यंत्र उपयोगी पडते. ते भिंतीवरील सॉकेट आणि माळेचा प्लग यांच्यामध्ये बसते. साध्या प्रकारात एक चकती असते, तिच्या कडेला बारीक खुंट्या असतात. एक खुंटी बहुधा पंधरा मिनिटांची. अशा ९६ खुंट्या म्हणजे दिवसाचे चोवीस तास. जितका वेळ दिवा हवा तितक्या खुंट्या दाबाव्यात. आमच्याकडे नाताळच्या दिवसांत सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो. सहा ते दहा एवढा वेळ बाहेरच्या दिव्यास पुष्कळ झाला.

परंतु खेड्यातील गृहस्थांनी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. चकतीचा टायमर विजेवरच फिरतो. वीज गेली की तोही थांबतो. दुपारी दोन तास वीज गेली, तर सहाला लागणारा तारा आठला लागेल आणि दहाऐवजी बाराला विझेल. यास्तव रोज संध्याकाळी चकतीवरची वेळ घड्याळाशी ताडून पाहावी. आकडे दाखविणाऱ्या टायमरात लहान बॅटरी असते, म्हणून वीज गेली तरी त्याची वेळ चुकत नाही. थोडे पैसे जास्त पडले तरी आपल्या भागास तोच सोयीचा. अंधार पडताच आपोआप लागणारे स्विचही मिळतात, पण ते उजाडेपर्यंत दिवा विझवीत नाहीत. आणि कोणताही टायमर घरातच लावावा. तो उघड्यावर ठेवण्यासाठी केलेला नसतो. तसेच टायमरने दिवा विझविला म्हणजे वायर मेली असे समजू नये. माळेला हात लावण्यापूर्वी पिन बाहेर काढावी, हाच खरा नियम.

टायमरची सर्वांत अधिक गरज नाताळच्या आदल्या रात्री असते. त्या रात्री दहा-साडेदहाला आजीपासून तान्ह्यापर्यंत सारे मध्यरात्रीच्या मिस्सेस निघतात. घराला कुलूप, आत कापूस, बाहेर जळते दिवे, आणि सबंध फळीत पाणी घेऊन धावायला एकही माणूस नाही! म्हणून आमची आग्रहाची विनंती आहे की त्या रात्री निघण्यापूर्वी, टायमर असो वा नसो, बाहेरच्या सर्व पिना घरच्या कर्त्याने स्वतः काढाव्यात. काहींना वाटेल, ख्रिस्तजन्माच्या घटकेलाच तारा विझलेला असावा काय? त्या घटकेला आपण सारे गव्हाणीपाशी असतो. तारा वाट दाखविण्यासाठी होता; पोहोचल्यावर त्याचे काम संपले. घरी परतल्यावर तो पुन्हा लावावा, म्हणजे पहाटे शेताकडे निघालेल्या शेजाऱ्यालाही नाताळ आल्याचे कळेल.

ज्यांच्या घरी वीज बेभरवशाची आहे त्यांनी सौर ताऱ्याचा विचार करावा. दिवसा उन्हात भरतो, रात्री काही तास उजळतो, आणि त्याच्या वायरमध्ये जीव घेण्याइतका दाब नसतो. घरात अडॅप्टर व बाहेर कमी व्होल्टची माळ, हाही सुरक्षित मार्ग आहे.

एक कटू गोष्ट राहिली. सणापुरता म्हणून लाइनीवर आकडा टाकणारे लोक आहेत, आणि त्यांत आपलेही काही आहेत. २००३ च्या विद्युत कायद्याने ती चोरी आहे, आणि सातव्या आज्ञेनेही ती चोरीच आहे. शिवाय त्या आकड्याला ना मीटर, ना फ्यूज, ना आरसीसीबी. चोरलेल्या विजेवर प्रभूचा तारा लावू नये. त्यापेक्षा कागदी तारा दिव्यावाचून टांगलेला बरा.

इतके करूनही कोणास शॉक बसलाच, तर त्याला हात लावू नये. मदतीला धावलेला दुसराही चिकटतो. प्रथम मुख्य स्विच बंद करावा. तो दूर असल्यास कोरड्या लाकडाने वायर बाजूला सारावी, आणि १०८ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. मात्र वायर मोठ्या लाइनीची असेल तर लाकडावरही विसंबू नये. सर्वांनी दूर उभे राहून आधी वीज कंपनीकडून लाइन बंद करवावी. घरातील मुख्य स्विच कोठे आहे, हे दहा वर्षांच्या लेकरालाही दाखवून ठेवावे. आमच्या अंगणात त्या पहाटे ते ठिकाण एका म्हाताऱ्याला ठाऊक होते, म्हणून एक आई आज निपुत्रिक नाही.

यंदा आमच्या गव्हाणीजवळ वायर उघडी दिसेल. ती आम्ही गवताखाली लपविलेली नाही. भिंतीच्या कडेने, खिळ्यांवर, सर्वांच्या डोळ्यांदेखत नेली आहे. शोभा थोडी उणी झाली आहे खरी. मुलांनी तक्रार केली, तेव्हा तळहातावर डाग असलेल्या त्या मुलानेच, जो आता चांगला उंच झाला आहे, त्यांना कारण समजावून सांगितले. वाचकहो, आपल्या अंगणातला तारा लावण्यापूर्वी एकवार त्याची वाट तपासा, आणि निजण्यापूर्वी तो विझविण्यास विसरू नका. नाताळ आपणां सर्वांच्या घरी सुखरूप येवो.